लोकरीतील तूट : मेरिनो मेंढी, ताणाची संप्रेरके आणि लोकरीच्या गुणवत्तेचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांचा विचार प्राधान्याने केला जातो. प्राण्याच्या अंगावर वाढलेला धागा हेही एक साधन होऊ शकते, असे सहसा वाटत नाही. मेंढीच्या लोकरीचा तंतू मात्र अत्यंत नियमित अशी नोंदवही आहे. तो रोज थोडा थोडा वाढतो आणि एकदा त्वचेबाहेर आला की पुन्हा बदलत नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर वर्षभरात साधारणतः ८ ते १० सेंटिमीटर वाढते. याचा अर्थ दहा दिवसांचा कालखंड त्या तंतूवर सुमारे अडीच मिलिमीटर जागा व्यापतो. त्या दहा दिवसांत मेंढी उपाशी राहिली, तापाने फणफणली किंवा प्रदीर्घ भीतीखाली वावरली, तर तेवढ्या जागी तंतू बारीक होतो आणि काही वेळा वाढायचाच थांबतो. कातरलेल्या लोकरीची बट दोन्ही टोकांना धरून ताणली असता ती नेमकी त्याच ठिकाणी तुटते. लोकर व्यवसायात या दोषाला ‘तूट’ आणि अशा लोकरीला ‘कमजोर लोकर’ म्हणता येईल.

हा दोष मेंढपाळांना आणि व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचे शरीरांतर्गत कारण मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले नव्हते. मेंढीच्या अधिवृक्क ग्रंथीतून ताणाच्या काळात स्रवणारे संप्रेरक लोकरीची वाढ रोखू शकते, हे १९५६ साली प्रयोगाने दाखवून देण्यात आले. या शोधाकडे केवळ शरीरक्रियाशास्त्रातील एक घटना म्हणून न पाहता, त्यामागील यंत्रे, बाजारपेठ, दुष्काळ आणि शासनाचे धोरण यांच्या संदर्भात त्याचे आकलन करून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ऑस्ट्रेलिया हा देश लोकरीच्या व्यापारात आणि लोकरीच्या संशोधनात अग्रेसर राहिल्यामुळे विवेचनाचा मुख्य भर त्या देशावर आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लोकरीतील तूट हा ‘दोष’ म्हणून कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत महत्त्व पावला, हे तपासणे.
२. ताणाच्या संप्रेरकांचे शास्त्र आणि मेंढी यांच्यातील परस्परसंबंधाचा आढावा घेणे.
३. या ज्ञानाचा उपयोग बाजारपेठेने आणि पुढे पशुकल्याणाच्या विचाराने कसा केला, याचे विश्लेषण करणे.

यंत्राने निर्माण केलेला दोष

लोकरीपासून कापड विणण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत लोकर पिंजली जाते. आखूड व लांब तंतू एकमेकांत गुंतवून त्यांचा फुगीर धागा काढला जातो. दुसऱ्या पद्धतीत लोकर विंचरली जाते. आखूड तंतू बाजूला काढून केवळ लांब तंतू समांतर ठेवले जातात आणि त्यांच्यापासून गुळगुळीत, पीळदार धागा तयार होतो. या दुसऱ्या प्रकारच्या कापडाला वर्स्टेड असे म्हणतात. सुटाचे उंची कापड बहुधा याच प्रकारचे असते.

पिंजलेल्या लोकरीच्या बाबतीत तुटीमुळे फारसे बिघडत नाही, कारण तंतू आखूड असला तरी तो इतर तंतूंत गुंततो. विंचरण्याच्या प्रक्रियेत मात्र कमजोर तंतू यंत्राच्या दात्यांत सापडून तुटतो. त्याचे आखूड तुकडे बाजूला पडतात आणि उरलेल्या धाग्याची सरासरी लांबी घटते. तूट बटेच्या टोकापाशी असेल तर नुकसान कमी होते. ती मध्यभागी असेल तर एका लांब तंतूचे दोन आखूड तंतू होतात आणि नुकसान सर्वाधिक होते.

हाताने लोकर विंचरणारा कारागीर लोकरीचा अंदाज बोटांनी घेई आणि त्यानुसार आपला जोर कमी-अधिक करी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड व परिसरात विंचरण्याचे काम झपाट्याने यंत्राकडे गेले. सॅम्युएल लिस्टर आणि आयझॅक होल्डन यांची नावे या परिवर्तनाशी निगडित आहेत. यंत्राला एकसारखा कच्चा माल हवा होता. विल्यम यूएट यांचा मेंढ्यांविषयीचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १८३७ साली प्रकाशित झाला. तंतूची जाडी मुळापासून टोकापर्यंत सारखी असणे हा उत्तम लोकरीचा गुण त्यात मानलेला आहे. यंत्रयुगात हा गुण केवळ चोखंदळ खरेदीदाराची आवड न राहता उत्पादनाची गरज बनला. म्हणूनच लोकरीतील तूट जरी मेंढीइतकी जुनी असली, तरी ‘दोष’ म्हणून तिचे मोल ठरवले ते प्रामुख्याने यांत्रिक विंचरणीने, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

याच सुमारास लोकरीचे उगमस्थानही बदलत होते. १७९७ साली केप वसाहतीतून काही मेरिनो मेंढ्या न्यू साउथ वेल्समध्ये आणल्या गेल्या. पुढील शंभर वर्षांत ऑस्ट्रेलिया ब्रिटिश गिरण्यांना लोकर पुरवणारा प्रमुख देश झाला. मेंढी आणि गिरणी यांच्यामध्ये आता समुद्र होता. ज्या दुष्काळाने तंतू बारीक झाला तो ब्रॅडफर्डच्या गिरणीमालकाने पाहिलेला नसे. त्याच्यापर्यंत पोहोचे ती फक्त तुटणारी बट. त्याच्या दृष्टीने तो मालाचा दोष होता आणि त्याची किंमत लिलावात वजा होत असे.

ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांचे जीवन सुरक्षित नव्हते. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील मेंढ्यांची संख्या १० कोटींहून अधिक झाली होती. १८९५ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९०२ पर्यंत चाललेल्या भीषण दुष्काळानंतर ती जवळजवळ निम्म्यावर आली. त्या दुष्काळात जगल्या-वाचलेल्या मेंढ्यांच्या अंगावरील लोकरीतही उपासमारीच्या खुणा राहिल्या असणार, हे वरील विवेचनावरून सहज ध्यानात येईल.

आहाराच्या दृष्टीने लावलेला अर्थ

ऑस्ट्रेलियात १९२६ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९४९ साली तिचे ‘सीएसआयआरओ’ या संघटनेत रूपांतर झाले. मेंढी व लोकर हे विषय या संस्थेच्या कार्यात आरंभापासूनच अग्रभागी होते. या संघटनेचे पहिले अध्यक्ष इयन क्लूनिस रॉस हे स्वतः मेंढ्यांच्या परोपजीवींचे अभ्यासक होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

आरंभीच्या संशोधनाचा रोख आहारावर होता. ॲडलेड येथे हेडली मार्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात किनारपट्टीवरील मेंढ्यांच्या क्षयकारी रोगाचा संबंध कोबाल्टच्या अभावाशी असल्याचे दाखवले. तांब्याच्या अभावामुळे लोकरीची नैसर्गिक नागमोड नाहीशी होते आणि ती पोलादी तारेसारखी सरळ व चकचकीत दिसते, हेही याच काळातील संशोधनातून स्पष्ट झाले. लोकरीचे बाह्य रूप शरीरातील अंतर्गत अवस्थेचे निदर्शक असते, ही जाणीव अशा संशोधनातून दृढ झाली. पुढे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पी. जे. रीस आणि पी. जी. शिंकेल यांनी गंधकयुक्त अमिनो आम्ले मेंढीच्या चौथ्या जठरात थेट सोडल्यास लोकरीची वाढ लक्षणीयरीत्या वाढते, हे सिद्ध केले. लोकर हे केराटिन नावाचे गंधकसमृद्ध प्रथिन असल्यामुळे या निष्कर्षाला विशेष महत्त्व होते.

आहाराच्या या सिद्धान्ताने पुष्कळ गोष्टींचा उलगडा होत होता. सर्व गोष्टींचा मात्र होत नव्हता. तापाच्या साथीनंतर, विताना झालेल्या त्रासानंतर किंवा अतिवृष्टीत कातरणी झाल्यानंतर काही मेंढ्यांची लोकर एकाएकी तुटते. कित्येकदा ती अंगावरून झडूनही जाते. चारा उपलब्ध असतानाही असे का घडावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ आहारशास्त्राकडून मिळण्यासारखे नव्हते.

ताणाची संकल्पना आणि मेंढीचे योगदान

याच कालखंडात ताणाविषयीचे शास्त्र वेगळ्या वाटेने विकसित होत होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती, क्रोध, भूक व वेदना यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य अशी कारणे भिन्न असली तरी उंदराच्या शरीराचा प्रतिसाद बऱ्याच अंशी एकाच प्रकारचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिसादात अधिवृक्क ग्रंथी मोठी होणे हे एक ठळक लक्षण होते. पुढे ‘ताण’ ही संज्ञा सेल्ये यांच्या लेखनामुळे सर्वत्र रूढ झाली.

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून निघणाऱ्या स्टेरॉइड संप्रेरकांच्या संशोधनाबद्दल एडवर्ड केंडाल, टाडेयुश राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कॉर्टिसोन हे नाव त्यामुळे सर्वतोमुखी झाले. मेंढीच्या बाबतीत यांपैकी महत्त्वाचे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल होय.

या शास्त्राच्या घडणीत मेंढीचा वाटा मोठा आहे, ही बाब सहसा नजरेआड होते. अधिवृक्क ग्रंथीला उत्तेजित करणारे पोष ग्रंथीतील संप्रेरक, ज्याला ‘एसीटीएच’ या संक्षेपाने ओळखतात, ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम १९४३ साली चो हाओ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या पोष ग्रंथींपासून केले. पोष ग्रंथीवर मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते. तेथील संप्रेरकांचा शोध घेताना रॉजर गिलमँ यांनी कत्तलखान्यांतून मिळवलेल्या लक्षावधी मेंढ्यांच्या मेंदूंचे अंश वापरले. या कार्यासाठी त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ताणाच्या साखळीतील पहिला दुवा असलेले संप्रेरक १९८१ साली वायली व्हेल व सहकाऱ्यांनी ओळखले. त्यासाठी सुमारे ४ लाख ९० हजार मेंढ्यांच्या अधोथॅलॅमसचे अंश लागले. मानवी ताणाविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग अशा प्रकारे मेंढीच्या मेंदूतून आलेला आहे. त्याच मेंढीच्या स्वतःच्या ताणाचा विचार मात्र प्रथम झाला तो तिच्या लोकरीचे नुकसान होत होते म्हणून.

१९५६ चा प्रयोग आणि त्याचे परिणाम

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात लोकरीच्या संशोधनाला मोठे आर्थिक पाठबळ मिळाले. कोरियन युद्धाच्या काळात, १९५०-५१ च्या हंगामात, लोकरीचे भाव एवढे कडाडले की एका पौंड वजनाच्या लोकरीला एक पौंड किंमत मिळू लागल्याचे सांगितले जाते. त्याच वेळी नायलॉन व पॉलिएस्टर यांसारखे कृत्रिम धागे बाजारात येत होते. कृत्रिम धागा मुळापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो, कारण तो दुष्काळ पाहत नाही आणि आजारीही पडत नाही. या स्पर्धेमुळे लोकरीतील असमानता अधिकच खुपू लागली.

या पार्श्वभूमीवर एच. आर. लिंडनर आणि के. ए. फर्ग्युसन यांचे संशोधन १९५६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाचा लोकरीच्या वाढीवरील प्रभाव आणि त्याचा तूट व कमजोरी यांच्याशी असलेला संबंध हाच त्या टिपणाचा विषय होता. मेंढ्यांना एसीटीएच अथवा कॉर्टिसोन टोचले असता लोकरीची वाढ मंदावते, आणि गिरणीमालक ज्याला दोष म्हणत होते तोच दोष सुईच्या साहाय्याने निर्माण करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. चाऱ्यात बदल न करताही तूट उत्पन्न होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. लिंडनर यांनी पुढे इस्राएलमधील वाइझमन संस्थेत संप्रेरकांच्या संशोधनात नाव मिळवले.

यामागील प्रक्रिया थोडक्यात अशी सांगता येईल. लोकरीचा तंतू त्वचेतील पुटकाच्या तळाशी असलेल्या पेशींच्या विभाजनातून निर्माण होतो. रक्तातील कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास हे विभाजन मंदावते. एका बाजूने, स्नायू व इतर ऊतींतील प्रथिने मोडून ऊर्जा मिळवण्याकडे शरीराचा कल होतो. संकटकाळी जीव वाचवणे अग्रक्रमाचे आणि लोकर वाढवणे दुय्यम, असा हा शरीराचा हिशेब असतो. दुसऱ्या बाजूने, काही पुटके पूर्णपणे बंद पडतात. त्यांतील तंतूचे मूळ कुंचल्यासारखे होऊन सुटते. आर. ई. चॅपमन आणि जे. एम. बॅसेट यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भिन्न आहारमानावर ठेवलेल्या मेंढ्यांना दीर्घकाळ कॉर्टिसॉल देऊन त्वचेतील हे बदल अभ्यासले.

अशा रीतीने तुटीची दोन कारणे वेगळी करता आली. पहिल्या प्रकारात सर्व तंतू एकाच जागी बारीक होतात. दुसऱ्या प्रकारात काही तंतू मुळातच खंडित होतात आणि बटेचा भार उरलेल्या तंतूंवर पडतो. पहिल्या प्रकाराचा संबंध मुख्यत्वे आहारातील चढ-उतारांशी, तर दुसऱ्याचा तीव्र व दीर्घ ताणाशी अधिक आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मेंढवाड्यात कोंडणे, कुत्र्याने हाकणे किंवा कातरणे अशा अल्पकालीन प्रसंगांनी रक्तातील संप्रेरकाची पातळी वाढते. न्यूझीलंडमध्ये किलगोर व डी लँगेन यांनी १९७० साली अशा नित्याच्या व्यवहारांतील ताणाची मोजदाद प्रसिद्ध केली. परंतु काही तासांची भीती लोकरीत तूट निर्माण करतेच असे नाही. त्यासाठी ताण टिकून राहावा लागतो. शेतावरील कमजोर लोकरीच्या बहुसंख्य उदाहरणांत चाऱ्याचा ऋतुमानानुसार होणारा बदल हेच प्रधान कारण असते. संप्रेरकांच्या शोधाने आहाराचा सिद्धान्त खोटा ठरला नाही. त्याला पूरक असा दुसरा आधार मिळाला.

दोषाचे साधनात रूपांतर

विज्ञानाच्या इतिहासात एखाद्या दोषाचे कारण समजले की त्याच कारणाचा उपयोग करून घेण्याचा विचार पुढे येतो. लोकरीच्या बाबतीतही हेच घडले. लोकर कातरणे हे कष्टाचे व खर्चाचे काम आहे. सर्व तंतूंत एकाच वेळी हुकमी तूट निर्माण करता आली, तर कातरीविना लोकर उतरवता येईल, अशी कल्पना संशोधकांनी मांडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सायक्लोफॉस्फमाइड या कर्करोगावरील औषधाचे या दृष्टीने प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियात बी. ए. पॅनरेटो व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कॉर्टिसॉलसदृश संश्लेषित स्टेरॉइडांचा लोकरीच्या वाढीवरील परिणाम अभ्यासला. म्हणजेच ताणाच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप हे लोकर उतरवण्याचे साधन होऊ शकते काय, याची चाचपणी झाली.

अखेरीस यश मिळाले ते वेगळ्या द्रव्याला. बाह्यत्वचेची वाढ घडवणारे एक प्रथिन मेंढीला दिले असता पुटकातील पेशीविभाजन अल्पकाळ थांबते, हे मूर, पॅनरेटो आणि रॉबर्टसन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. त्यावर आधारित ‘बायोक्लिप’ ही पद्धत १९९८ साली बाजारात आली. टोचणीनंतर मेंढीला जाळीचे आवरण घालून सुमारे चार आठवडे थांबावे लागे आणि मग लोकर हाताने सोलून काढता येई. या पद्धतीने कातरणीची जागा घेतली नाही. तथापि, ज्या तुटीमुळे लिलावात भाव पडत होता, तीच तूट हुकमी घडवण्यासाठी सरकारी प्रयोगशाळेने दशकानुदशके परिश्रम केले, ही घटना उद्बोधक आहे.

मोजमाप आणि बाजारपेठ

दीर्घकाळपर्यंत लोकरीची मजबुती तज्ज्ञाच्या हातांवर अवलंबून होती. तो बट दोन्ही हातांत घेऊन ताणी, बोटाने टिचकी मारी आणि आवाजावरून निदान करी. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नमुना व चाचणीच्या आधारे लोकर विकण्याची पद्धत सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास सीएसआयआरओने विकसित केलेल्या ‘ॲटलास’ या यंत्राने बटेची लांबी व मजबुती आपोआप मोजण्याची सोय केली. मजबुतीचे एकक ‘न्यूटन प्रति किलोटेक्स’ असे आहे. बटेच्या जाडीच्या प्रमाणात ती तोडण्यास किती बल लागते, हे त्यावरून कळते. साधारणतः हा आकडा ३० च्या खाली गेला की लोकर कमजोर समजली जाऊ लागते. तूट बटेच्या कोणत्या भागात आहे, याचीही नोंद होऊ लागली.

अशा प्रकारे मेंढीच्या आयुष्यातील एका कठीण आठवड्याला एक आकडा आणि त्या आकड्याला एक किंमत प्राप्त झाली. मेंढपाळाच्या हातीही एक नवे साधन आले. बटेतील तुटीची जागा पाहून संकट कोणत्या महिन्यात आले, हे त्याला मागे मोजत जाऊन ठरवता येऊ लागले. कातरणीचा महिना बदलून तूट बटेच्या टोकाकडे ढकलणे, गाभण मेंढ्यांना पूरक खाद्य देणे, चाऱ्यातील बदल हळूहळू करणे, असे उपाय त्यातून पुढे आले. ॲडलेड विद्यापीठाचे फिलिप हिंड आणि त्यांचे सहकारी अन्सारी-रेनानी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कॉर्टिसॉलमुळे पुटके बंद पडण्याचे प्रमाण आणि लोकरीची मजबुती यांचा संबंध दाखवून दिला. एकाच कळपातील दोन मेंढ्या सारख्याच ताणाला सारखाच प्रतिसाद देत नाहीत, या जुन्या अनुभवाला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

येथे बाजारपेठेच्या मर्यादांचीही नोंद घेतली पाहिजे. शासनपुरस्कृत किमान भावाची योजना १९८० च्या दशकाच्या अखेरीस आवाक्याबाहेर गेली. प्रतिकिलो ८७० सेंटचा किमान भाव १९९० साली ७०० सेंटवर आणण्यात आला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजनाच स्थगित झाली. तेव्हा गोदामांत सुमारे ४७ लाख गाठी पडून होत्या. कळप कमी करण्यासाठी लक्षावधी मेंढ्या गोळ्या घालून पुरण्यात आल्या. ज्या व्यवस्थेने मेंढीच्या ताणाचे मोजमाप न्यूटनमध्ये करण्याइतकी प्रगती साधली होती, त्याच व्यवस्थेत भाव कोसळताच मेंढीचे आयुष्य निरुपयोगी ठरले. केवळ किमतीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या काळजीचा पाया किती डळमळीत असतो, हे या घटनेने स्पष्ट केले.

गुणवत्तेकडून पशुकल्याणाकडे

१९८० च्या दशकापासून कॉर्टिसॉलचे मापन वेगळ्या कारणासाठीही होऊ लागले. मेरिनोच्या शेपटीखालील सुरकुत्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडून मेंढी दगावते. हे टाळण्यासाठी त्या भागातील त्वचा कापून काढण्याची प्रथा १९३० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियात रूढ झाली. तिच्या प्रवर्तकाच्या नावावरून तिला ‘म्युल्सिंग’ म्हणतात. एल. आर. फेल आणि डी. ए. शट यांनी १९८९ साली अशा शस्त्रक्रियेनंतरचे मेंढ्यांचे वर्तन व संप्रेरकांचा प्रतिसाद यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदना ही केवळ पाहणाऱ्याच्या भावनेची बाब न राहता रक्तात मोजता येणारी गोष्ट झाली. पुढे ग्राहकांच्या व प्राणिमित्र संघटनांच्या दबावामुळे हा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यापाराचा विषय बनला. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून या प्रथेवर बंदी घातली.

रक्ताचा नमुना घेणे हीच मेंढीसाठी भीतीची गोष्ट असते आणि त्यामुळेही कॉर्टिसॉल वाढते. म्हणून २०१० च्या दशकात लोकरीतच साठलेले कॉर्टिसॉल मोजण्याचे प्रयत्न झाले. लोकर मागील अनेक आठवड्यांचा एकत्रित हिशेब देते, हा तिचा लाभ आहे. मात्र त्वचेतील पुटकेही काही प्रमाणात हे संप्रेरक तयार करत असल्यामुळे या मापनाचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. याच काळात वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात १९९० पासून शांत व भित्र्या स्वभावाच्या मेरिनो मेंढ्यांचे दोन स्वतंत्र वंश निवडीने वाढवण्यात आले. स्वभाव हाही अंशतः आनुवंशिक असतो, हे त्यातून दिसून आले. एकूण पाहता, प्रारंभी जो तंतू मालाची प्रत ठरवण्यासाठी तपासला जात होता, तोच आता प्राण्याला मिळालेल्या वागणुकीचा पुरावा म्हणून तपासला जाऊ लागला.

घोंगडी आणि सुटाचे कापड

महाराष्ट्राचा या इतिहासाशी दुहेरी संबंध येतो. १९२५ साली ठाण्यात सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीने पुढे सुटाच्या वर्स्टेड कापडासाठी नाव मिळवले. त्या कापडामागे ऑस्ट्रेलियातील मेरिनोची लोकर होती. मराठी मध्यमवर्गीय घरात लग्नासाठी शिवलेल्या सुटाचे नाते अशा रीतीने दूरच्या कुरणांतील दुष्काळाशी जुळलेले होते.

दुसरीकडे दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ व आखूड असते. धनगर समाजाने पाळलेल्या या मेंढीची लोकर पिंजून, हाताने सूत काढून आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणली जाते. विणकाम करणारा सनगर समाज या कामासाठी प्रसिद्ध आहे. येथे लोकर यंत्राच्या दात्यांतून विंचरली जात नसल्यामुळे तुटीने घोंगडीचे फारसे बिघडत नाही. याचा अर्थ दख्खनी मेंढीला ताण नसतो असा नाही. वाड्याबरोबर मैलोन्‌मैल चालणारी, उन्हाळ्यात पाण्यासाठी आसुसलेली ही मेंढी मेरिनोपेक्षा कमी सोसत नाही. तिच्या सोसण्याची नोंद घेणारी बाजारपेठ मात्र निर्माण झाली नाही. उलट गेल्या काही दशकांत घोंगडीची मागणी घटली, मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाऊ लागली आणि अनेक ठिकाणी कातरलेली लोकर टाकून देण्याची वेळ आली. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत उष्णता, अपुरा आहार व चालण्याचे श्रम यांचा एकत्रित ताण मालपुरा मेंढ्यांवर कसा परिणाम करतो, याचे प्रयोग झाले आहेत. दख्खनच्या पठारावरील स्थलांतर करणाऱ्या कळपांसाठी ही दिशा उपयुक्त ठरणारी आहे.

निष्कर्ष

१. लोकरीतील तूट ही नैसर्गिक घटना असली, तरी तिला ‘दोष’ म्हणून महत्त्व मिळाले ते यांत्रिक विंचरणी, दूरची बाजारपेठ आणि कृत्रिम धाग्याची स्पर्धा यांमुळे.
२. ताणाच्या संप्रेरकांच्या शास्त्रात मेंढी ही एकाच वेळी ज्ञानाचे साधन आणि ज्ञानाचा विषय होती. १९५६ च्या प्रयोगाने या दोन्ही भूमिका प्रथमच स्पष्टपणे एकत्र आणल्या.
३. आहार आणि ताण ही तुटीची परस्परविरोधी नसून परस्परपूरक कारणे आहेत. एकाच कारणावर भर देणारे विवेचन अपुरे ठरते.
४. लोकरीच्या गुणवत्तेसाठी विकसित झालेले ज्ञान पुढे पशुकल्याणाच्या कामी आले. तथापि, १९९१ च्या अनुभवावरून असे दिसते की, किमतीशी बांधलेली काळजी किंमत असेपर्यंतच टिकते.

मुका प्राणी आपले दुःख सांगू शकत नाही, असे आपण सहज म्हणतो. लोकरीच्या इतिहासाचा अभ्यास केल्यानंतर या विधानात दुरुस्ती करावी लागते. मेंढीने आपले दुःख प्रत्येक तंतूवर, दिवसाच्या हिशेबाने नोंदवून ठेवले होते. गिरणीमालकाने ते नुकसान म्हणून वाचले, शास्त्रज्ञाने संप्रेरक म्हणून आणि आजच्या जाणत्या ग्राहकाने वागणुकीचा पुरावा म्हणून. दख्खनी मेंढीच्या लोकरीवरील नोंदी मात्र अद्याप पुरेशा वाचल्या गेलेल्या नाहीत. इतिहास, पशुविज्ञान आणि समाजशास्त्र या विद्याशाखांनी एकत्र येऊन हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.